साडेअठरावरून साडेसोळा: निकष बदलला की रक्तविकारांचे आकडे का हलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या २००५ ते २०२३ या काळातल्या रक्तविकारांच्या नोंदी हाताशी आहेत. पॉलिसायथेमिया व्हेरा (तांबड्या पेशी अति बनण्याचा आजार) २०१६नंतर एकदम वर जातो, क्रॉनिक आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते तो दीर्घकाळचा आजार) २०१०च्या पुढे खाली येतो, एमडीएस (बोन मॅरोत, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्तपेशी नीट न घडण्याचा आजार) वाढतच राहतो आणि गरोदर स्त्रियांमधला ॲनिमिया वर्षागणिक वरखाली होतो. हे आजार खरोखर वाढले-घटले, की निदानाचे निकष बदलले म्हणून आकडे हलले? आणि या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या?

नोंदलेला दर चार गोष्टींनी हलतो: आजार, त्याची व्याख्या, मोजायचे यंत्र आणि किती जणांना तपासले ते. वहीत फक्त निदानाचे नाव असेल तर या चारही गोष्टी एकमेकींत कालवल्या जातात. मग कितीही भारी संख्याशास्त्र लावा, त्या सुट्या होत नाहीत. वहीत मोजलेला आकडा असेल, म्हणजे हिमोग्लोबिन १७.१, प्लेटलेट ५.२ लाख, ब्लास्ट (अपक्व पेशी) २३ टक्के असे काही, तर निकष कितीदा का बदलेना, रुग्ण हव्या त्या फूटपट्टीने पुन्हा मोजता येतो. म्हणून निदानाच्या नावांचा रकाना नंतर उघडा. आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि बोन मॅरोच्या आकड्यांचा रकाना कुठे आहे ते शोधा. केसपेपरमध्ये नसेल तर लॅबच्या संगणकात असतो, आणि तिथूनही यंत्र बदलताना तो पुसला जाऊ शकतो. ते आधी सुरक्षित करा.

पॉलिसायथेमिया व्हेराची उडी सर्वांत ठळक दिसते आणि फसवतेही तीच, म्हणून तिथून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या वर्गीकरणात पहिली अट अशी होती की हिमोग्लोबिन पुरुषात १८.५ ग्रॅमच्या वर, स्त्रीत १६.५च्या वर हवे. २०१६ मध्ये ती पुरुषात १६.५ आणि स्त्रीत १६.० अशी खाली आली; हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) अनुक्रमे ४९ आणि ४८ टक्क्यांच्या वर असला तरी चालतो असे ठरले. कारण रास्त होते. जॅक-२ या जनुकात म्युटेशन (बदल) असलेले, बोन मॅरोचे चित्र अगदी ठरावीक असलेले काही रुग्ण १८.५ गाठतच नव्हते आणि तोवर त्यांना गुठळ्यांचा धोका होता. पण नोंदींच्या दृष्टीने इथे एक उपयोगी विषमता आहे: पुरुषांची पट्टी २ ग्रॅमने खाली आली, स्त्रियांची जेमतेम अर्ध्या ग्रॅमने. तेव्हा वाढ निकषामुळे असेल तर ती मुख्यतः पुरुषांत दिसली पाहिजे. स्त्री-पुरुषांचे आलेख वेगळे काढा. दोघांत सारखीच वाढ दिसली, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल, बहुधा तपासणी सहज मिळू लागण्यात.

दुसरी कसोटी याहून पक्की आहे. दर वर्षीच्या नव्या रुग्णांतून फक्त जुन्या, कडक अटीत बसणारे वेगळे काढा: १८.५च्या वरचे पुरुष, १६.५च्या वरच्या स्त्रिया. ही रेषा सगळ्या वर्षांत सपाट राहिली आणि वाढ सगळी १६.५ ते १८.५ या पट्ट्यातल्या पुरुषांची निघाली, तर आजार वाढलेला नाही, जाळ्याची भोके बारीक झाली आहेत. कडक अटीतली रेषाही चढत असेल, तर मात्र गांभीर्याने पाहावे लागेल.

आता यातला खड्डा. पट्टी खाली आली की संशयितांच्या यादीत नवे लोक येतात: सिगारेट-विडी ओढणारे, झोपेत घोरून श्वास अडकणारे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे. त्यांतल्या बहुतेकांची जॅक-२ चाचणी निगेटिव्ह येते आणि त्यांना पॉलिसायथेमिया व्हेरा नसतो. पण केसपेपरवर कुणी नुसते ‘पॉलिसायथेमिया’ लिहिले, की कोड लावणारा कारकून आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक कोडयादीतला डी४५ लावून मोकळा होऊ शकतो. दुय्यम (दुसऱ्या कारणाने आलेल्या) पॉलिसायथेमियाचा कोड डी७५.१ आहे. डी४५च्या प्रत्येक नोंदीसमोर जॅक-२चा निकाल आहे का, हे हाताने तपासल्याशिवाय तो आकडा वापरू नका. सोबत दर वर्षी किती जॅक-२ चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या किती टक्के पॉझिटिव्ह आल्या, हेही मांडा. चाचण्या वाढल्या आणि पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण घसरले, तर वाढ शोधाशोधीची आहे.

जॅक-२ व्ही६१७एफ हे म्युटेशनच २००५ साली उजेडात आले. त्याआधी तांबड्या पेशींचे एकूण वस्तुमान किरणोत्सर्गी खूण लावून मोजावे लागे आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी होती. म्हणजे तुमच्या मालिकेची पहिली काही वर्षे चाचणी रुळण्याचीच आहेत. त्या चढणीला आजाराची चढण समजू नका. आपल्याकडे एक उलटा घटकही आहे. लोह कमी असलेल्या बाईला पॉलिसायथेमिया व्हेरा असूनही हिमोग्लोबिन १३-१४ राहू शकते, एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) खाली आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर. अशी रुग्ण जुन्या निकषातही निसटते आणि नव्यातही. त्यामुळे इथल्या स्त्रियांचा दर दोन्ही काळांत खऱ्यापेक्षा कमी नोंदला जातो, असे धरून चालावे.

एसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया या प्लेटलेट अति बनण्याच्या आजारात असेच झाले. प्लेटलेटची किमान अट २००१च्या वर्गीकरणात ६ लाख होती, २००८ मध्ये ती साडेचार लाख झाली. साडेचार ते सहा लाख हा पट्टा आपल्याकडे गजबजलेला असतो: पाळीत जास्त रक्त जाऊन लोह कमी झालेल्या स्त्रिया, क्षयरोग, जुनाट संसर्ग. शिवाय काही यंत्रे अगदी बारीक तांबड्या पेशी प्लेटलेटमध्ये मोजतात, म्हणून लोह कमी असताना काउंट खोटाच वर दिसतो. स्मिअर (काचेवर पसरलेले रक्त) पाहून खात्री केलेली नोंद आणि नुसत्या यंत्राची नोंद यांत फरक करा. २०१६ मध्ये उलट दिशेची हालचाल झाली. फायब्रोसिसपूर्व मायलोफायब्रोसिसला (मॅरोत तंतू साचण्याच्या आजाराची सुरुवातीची अवस्था) स्वतंत्र निकष मिळाले आणि आधी एसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया म्हणवले जाणारे काही रुग्ण तिकडे गेले. एकाचा दर घटतो, दुसऱ्याचा वाढतो, माणसे तीच. म्हणून या कुटुंबातल्या आजारांची आधी एकत्र बेरीज काढा. बेरीज स्थिर आणि आतले वाटे हलत असतील तर ती कप्पेबदल आहे.

तुमच्या क्रॉनिक आयटीपीच्या घसरणीचे कारण बहुतांशी कागदावरच सापडते. २००९ साली आंतरराष्ट्रीय कार्यगटाने आयटीपीची प्लेटलेटची मर्यादा दीड लाखावरून १ लाखावर आणली आणि ‘क्रॉनिक’ म्हणण्यासाठीची मुदत ६ महिन्यांवरून १२ महिने केली. मधल्या ३ ते १२ महिन्यांना ‘पर्सिस्टंट’ हे नवे नाव दिले. म्हणजे आठव्या महिन्यात बरा झालेला मुलगा २००८ मध्ये क्रॉनिक होता, २०११ मध्ये नाही. निदानाची तारीख आणि प्लेटलेट कायमच्या सावरल्याची तारीख या दोन तारखा असतील तर हे एका दुपारी सुटते. मुंबईत पावसाळ्याची एक वेगळी भर असते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये डेंग्यू आणि मलेरियाने प्लेटलेट खाली येतात, आणि घाईत ‘थ्रोम्बोसायटोपेनिया, आयटीपी?’ असे लिहिलेले प्रश्नचिन्ह पुढे नोंदीत गळून पडते. महिनावार आलेख काढला की ही भर लगेच दिसते. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेटचे गठ्ठे होऊन काउंट खोटा कमी येतो, हेही विसरू नका. सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजलेले आहे का ते पाहा.

एमडीएसची गोष्ट वेगळी आहे. तिथे बदलला तो निदानाचा निकष कमी आणि नोंदणीचा नियम जास्त. कर्करोग नोंदणीत गाठींना (रक्ताचे कर्करोगही त्यात धरून) आयसीडी-ओ या यादीतले कोड लागतात आणि कोडच्या शेवटचा आकडा वर्तन सांगतो. दुसऱ्या आवृत्तीत एमडीएस, पॉलिसायथेमिया व्हेरा आणि एसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया यांच्या शेवटी १ होता, म्हणजे ‘अनिश्चित’. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तिथे ३ आला, म्हणजे ‘घातक’. नोंदण्या घातक गाठी मोजतात, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत मोजणीबाहेर असलेले आजार दुसऱ्या दिवशी आत आले. मुंबईची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी भारतातली पहिली. इंडियन कॅन्सर सोसायटीने ती १९६३ मध्ये सुरू केली. एवढी लांब मालिका असलेल्या नोंदणीत असे सांधे, म्हणजे नियम बदलल्याच्या जागा, असणारच. तिसरी आवृत्ती प्रत्यक्ष कोणत्या निदान-वर्षापासून लावली, ही तारीख अहवालातून काढून आलेखावर उभी रेघ मारा.

पण नुसती रेघ पुरत नाही. रुग्णालयातले कोड आयसीडी-१०चे असतात आणि तिथे हे आजार ‘सी’च्या नव्हे, ‘डी’च्या घरात आहेत: पॉलिसायथेमिया व्हेरा डी४५, एमडीएस डी४६, बाकीचे डी४७मध्ये विखुरलेले. नोंदणीचा माणूस रुग्णालयात येऊन ‘सी’ने सुरू होणारी यादी मागत असेल, तर नियमानुसार घातक ठरलेला एमडीएस त्याच्या हाती लागतच नाही. कुणीतरी यादीत डी४५ ते डी४७ घाला असे सांगते आणि त्या वर्षी ‘एमडीएस वाढला’ अशी बातमी होते. तुमच्या नोंदींत हे कधी झाले ते जुन्या कर्मचाऱ्यांना विचारून लिहून घ्या. ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. सत्तरीतल्या आजोबांचे हिमोग्लोबिन ८ आणि प्लेटलेट ९० हजार असताना पूर्वी ‘वयाचा अशक्तपणा’ म्हणून रक्त चढवून घरी पाठवत. आता बोन मॅरो होते. ही वाढ खरी आहे, पण ती आजाराची नव्हे, शोधण्याची.

एमडीएस आणि एएमएल (एक तीव्र रक्तकर्करोग) यांच्या सीमेवर १९८२च्या फॅब (फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश) वर्गीकरणात एएमएलसाठी ३० टक्के ब्लास्ट लागत; २००१ मध्ये ते २० टक्के झाले. ही रेषा तुमच्या काळाच्या आधीची आहे, पण २००५च्या सुमाराला काही पॅथॉलॉजिस्ट जुनीच नावे लिहीत असतील तर तिचे पडसाद उरलेले असतात. २०२२ मध्ये दोन समांतर वर्गीकरणे आली आणि इथे खरा गुंता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचव्या आवृत्तीत ठरावीक जनुकीय बदल सापडला तर, दोन-तीन अपवाद सोडून, ब्लास्ट २० टक्क्यांखाली असतानाही एएमएल म्हणता येते. आंतरराष्ट्रीय एकमत वर्गीकरण त्यासाठी किमान १० टक्के मागते, आणि असा बदल नसलेल्या १० ते १९ टक्क्यांच्या रुग्णांना ‘एमडीएस/एएमएल’ असे जोडनाव देते. म्हणजे १४ टक्के ब्लास्टचा तोच रुग्ण परळच्या एका लॅबमध्ये एमडीएस ठरेल आणि दादरच्या दुसऱ्या लॅबमध्ये जोडनावाने लिहिला जाईल. २०२२नंतरच्या प्रत्येक नोंदीत कोणते वर्गीकरण वापरले याचा वेगळा रकाना ठेवाच. एमडीएसचे पुढे एएमएल झाले तर नवा रुग्ण मोजायचा की तोच, हा नियमही नोंदणीनिहाय वेगळा असतो; तो आधी ठरवून लिहून टाका.

सीमा सरकली की जगण्याचे आकडेही फसवतात. मल्टिपल मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात २०१४ साली नवी भर पडली: हाडे, मूत्रपिंड, कॅल्शियम, हिमोग्लोबिन सगळे ठीक असले, तरी मॅरोत ६० टक्के किंवा जास्त क्लोनल प्लाझ्मा पेशी, रक्तातल्या फ्री लाइट चेन या प्रथिनांचे गुणोत्तर १०० किंवा वर, अथवा एमआरआयवर एकाहून जास्त डाग असतील तर तो मायलोमाच. स्मोल्डरिंग (लक्षणांआधीच्या) गटातले सर्वांत जोखमीचे रुग्ण तिथून उठून मायलोमात आले. मायलोमा गटाच्या दृष्टीने ते सर्वांत सौम्य. त्यामुळे दोन्ही गटांची सरासरी सुधारली आणि एकाही माणसाचे आयुष्य त्यामुळे एक दिवसाने वाढले नाही. याला विल रॉजर्स परिणाम म्हणतात. फाइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात तो दाखवला. नव्या औषधांनी मायलोमाचे रुग्ण खरोखर जास्त जगू लागले आहेत, म्हणूनच त्या खऱ्या सुधारणेत ही खोटी भर मिसळू देऊ नये. सीएलएल या जुनाट रक्तकर्करोगात २००८ साली ‘लिम्फोसाइट ५०००’ऐवजी ‘बी-लिम्फोसाइट ५०००’ अशी अट झाली आणि खालचे सगळे मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस या वेगळ्या नावाखाली गेले. तिथे दर कमी होतो. व्हॉन विलेब्रँड या रक्तस्रावाच्या आजारात २०२१ पासून त्याच नावाच्या घटकाची ३० ते ५० टक्के पातळी आणि रक्तस्रावाचा इतिहास असलेल्यांनाही निदान मिळते, तिथे दर वाढतो.

आता ॲनिमिया. संख्येने सर्वांत मोठा आणि चुकायला सर्वांत सोपा, म्हणून यावर जरा थांबू.

बाकीच्या आजारांत निकषाची रेषा लोकसंख्येच्या टोकाला असते. ॲनिमियात ती भर गर्दीतून जाते. कागदावर करून पाहा: समजा स्त्रियांच्या एका गटाचे सरासरी हिमोग्लोबिन १२.२ आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप) १.३ आहे. १२च्या रेषेने ४४ टक्के स्त्रिया ॲनिमिक ठरतात. रेषा ११.५ केली तर ३० टक्के. रेषा १२च ठेवली, पण यंत्र अर्धा ग्रॅम कमी दाखवू लागले, तर ५९ टक्के. एकाही बाईच्या रक्तात काही बदलले नाही आणि दर ३०पासून ५९पर्यंत कुठेही नेता आला.

यंत्र एकसारखे कमी दाखवत नसून नुसते अस्थिर असेल, तर वेगळेच बिघडते. त्याच गटात विचलन १.३ऐवजी १.६ झाले, तर ७च्या खालचा तीव्र ॲनिमिया लाखात सुमारे ३वरून जवळपास ५८वर जातो. तीव्र रुग्ण अचानक अनेक पटींनी वाढलेले दिसले की आधी यंत्राच्या कंट्रोलचा (पडताळणीच्या नमुन्याचा) आलेख मागवा. बोटातून रक्त घेताना बोट दाबले तर पेशींबाहेरचा द्रव मिसळून हिमोग्लोबिन कमी येते, आणि थेंबाथेंबात फरक पडतो. पहिले थेंब पुसून पुढचा, आपोआप येणारा थेंब घ्यायचा असतो. शिबिराच्या गर्दीत हेच सुटते.

आपल्या देशात याचा मोठा पडताळा झालेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये, बोटाच्या रक्तावर, ६ ते ५९ महिन्यांच्या ५८.६ टक्के मुलांत ॲनिमिया नोंदवला. जवळपास त्याच काळात, २०१६-१८ मध्ये, सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने शिरेतून रक्त घेऊन स्वयंचलित यंत्रावर मोजले आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांत सुमारे ४१ टक्के आले. वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, वर्षाच्या आतली बाळे दुसऱ्यात नाहीत. तरी एवढी मोठी दरी वयाने भरून निघत नाही. पुढे २०२१ साली त्याच दुसऱ्या सर्वेक्षणातल्या निरोगी मुलांवरून नव्या मर्यादा काढल्या गेल्या, आणि १ ते १९ वर्षांच्या गटातला दर सुमारे ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. रक्त तेच, नळ्याही त्याच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत मुलांचा आकडा ६७.१ टक्के झाला, तेव्हा तो खरा किती आणि थेंबाचा किती हा वाद पेटला. सहाव्या फेरीतून ही चाचणीच वगळली गेली आणि शिरेच्या रक्तावर वेगळे सर्वेक्षण हाती घेतले गेले. भारतात ॲनिमिया नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तो आहे आणि खूप आहे. पण दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एका रेषेने जोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गरोदर स्त्रियांच्या तुमच्या वरखाली आलेखाकडे येऊ. १९६८ पासूनची ११ ग्रॅमची मर्यादा सगळ्या नऊ महिन्यांना एकच होती. मार्च २०२४च्या नव्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठी ११ आणि दुसऱ्यासाठी १०.५ केली, कारण दुसऱ्या तिमाहीत रक्तातला द्रव वाढून हिमोग्लोबिन नैसर्गिकच उतरते. १०.७ असलेली बाई विसाव्या आठवड्यात आता निरोगी ठरते आणि तिसाव्या आठवड्यात, तेवढ्याच हिमोग्लोबिनवर, ॲनिमिक. म्हणून नाव नोंदवायला बायका कितव्या आठवड्यात येतात यावर तुमचा दर ठरतो. एखाद्या वर्षी आशा सेविकांनी लवकर नोंदणी करवून घेतली की पहिल्या तिमाहीची मापे वाढतात आणि दर आपोआप उतरतो. दर नेहमी तिमाहीनुसार तोडून मांडा. त्याच मार्गदर्शिकेत ६ ते २३ महिन्यांच्या बाळांची मर्यादा ११वरून १०.५ झाली. उंचीची दुरुस्तीही पूर्वी १००० मीटरपासून होती, ती आता ५०० मीटरपासून लागते. मुंबई समुद्रसपाटीला, तिला दुरुस्ती नाही. पुणे साडेपाचशेच्या वर, तिथल्या मापातून ०.४ ग्रॅम वजा होतात. मुंबई-पुण्याची तुलना करणाऱ्या जुन्या तक्त्याला नवा निकष लावला, तर पुण्याचा ॲनिमिया रातोरात वाढलेला दिसेल.

हाताने लिहिलेल्या वह्यांत एक साधी चूक मोठे नुकसान करते. साहलीच्या नळीने (रंग जुळवून हिमोग्लोबिन मोजण्याच्या जुन्या पद्धतीने) मोजलेले आकडे ११, ११.५, १२ असे पूर्णांक-अर्ध्यांवर गोळा होतात. नियम ‘११पेक्षा कमी’ असा आहे, म्हणजे बरोबर ११.० असलेली स्त्री ॲनिमिक नाही. संगणकात कुणी ‘११ किंवा कमी’ असे सूत्र टाकले, तर ढिगारा अख्खा पलीकडे जातो. सूत्र स्वतः उघडून पाहा. प्लेटलेटचेही असेच: ४.५, ४५० आणि ४५०००० हे एकाच रकान्यात सापडतात, कारण एक लॅब लाखात लिहिते, दुसरी हजारात, तिसरी पूर्ण.

थॅलसेमिया वाहकांच्या नोंदी असतील तर एचबी-ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची मर्यादा कोणती, हे पाहा. भारतात ४ टक्के आणि वर म्हणजे वाहक, ३.५ ते ३.९ म्हणजे सीमेवरचा, अशी पद्धत रुळली आहे. काही लॅब सरसकट ३.५ धरतात. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा, वाहक जास्त असलेल्या समाजांतली शिबिरे जिथे वारंवार होतात, त्या मुंबईत सीमेवरचा हा पट्टा लहान नाही. लोह कमी असले की ए२ उतरतो आणि वाहक निसटतो. बी-१२ कमी असले की तो चढून वाहक नसलेलाही सीमेवर येतो. सीमेवरचे रुग्ण वेगळ्या रकान्यात ठेवा, ‘होय’ किंवा ‘नाही’त कोंबू नका, परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी जनुकीय तपासणीने त्यांचा निकाल लागू शकतो. पहिली चाळणी एमसीव्ही ८०च्या खाली अशी असेल तर नमुना किती तासांनी तपासला हेही महत्त्वाचे. विरार किंवा कर्जतहून आलेली नळी उकाड्यात दिवसभर राहिली की पेशी फुगतात, एमसीव्ही वाढतो आणि वाहक चाळणीतून पडतो. सिकलसेलमध्ये विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे वाहक की रुग्ण हे कळत नाही. २०२३च्या राष्ट्रीय मोहिमेनंतरचे आकडे घेताना एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीने) पक्के झालेलेच ‘रुग्ण’ म्हणून मोजा.

आता प्रत्यक्ष काम. जुना निकष नव्या रुग्णांवर लावता येतो; नवा निकष जुन्या काळावर बहुधा लावता येत नाही. २०१० मध्ये १७ हिमोग्लोबिनच्या पुरुषाची जॅक-२ चाचणी कुणी केलीच नव्हती, तर तो तुमच्या फायलींत नाही आणि त्याला परत आणता येणार नाही. म्हणून मालिका सलग हवी असेल तर कडक निकषाने पुढे चला, सैल निकषाने मागे जाऊ नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन वर्षांच्या फायली घ्या, वर्ष आणि जुने निदान झाका, आणि दोन रक्तविकारतज्ज्ञांना स्वतंत्रपणे दोन्ही निकष लावायला सांगा. दोघांचे कुठे जुळले नाही तेही नोंदवा. समजा जुन्याने ४० आणि नव्याने ५८ रुग्ण निघाले, तर गुणोत्तर १.४५, तुमच्या आलेखातली उडी साधारण तेवढीच असेल तर ती निकषाने समजावली गेली. उडी दुप्पट असेल तर उरलेल्या भागाचे कारण शोधा. एवढ्या थोड्या रुग्णांत गुणोत्तराची अनिश्चितता मोठी असते, तीही छापा. २०१६चा निकष २०१७च्या पहिल्या तारखेला सगळीकडे लागू झाला असे समजू नका. काही डॉक्टर आधीच तसे निदान करू लागलेले असतात, काही तीन वर्षांनीही जुन्या आकड्यावर असतात. सांध्याभोवतीचे दीड-दोन वर्षांचे पट्टे विश्लेषणातून बाजूला ठेवा.

छेदाची, म्हणजे दर किती लोकांमागे काढायचा याची, गोष्टही आहे. मोठ्या रुग्णालयाच्या नोंदींवरून ‘मुंबईतला दर’ निघत नाही, कारण रुग्ण बिहारपासून कोकणापर्यंतचे असतात आणि उपचारासाठी दिलेला पत्ता नातेवाइकाच्या खोलीचा असतो. लोकसंख्याधारित नोंदणीत किमान एक वर्ष वास्तव्य ही अट असते, ती लावा. शेवटची जनगणना २०११ची, १.२४ कोटींची, त्यापुढचे सगळे छेद अंदाजाचे आहेत. छेद सुटत नसेल तर दर म्हणूच नका, दर हजार सीबीसीमागे किती निदाने झाली ते मांडा. रुग्णालयाच्या नोंदींसाठी ते जास्त प्रामाणिक माप आहे.

तक्त्याखालची टीप मोघम ठेवू नका. ‘निकषांत काळानुरूप बदल झाले आहेत’ या वाक्याचा वाचणाऱ्याला काही उपयोग नाही. अशी लिहा: ‘२००५ ते २०१६: पुरुष १८.५, स्त्री १६.५ ग्रॅमच्या वर. २०१७-१८: मिश्र, विश्लेषणातून वगळले. २०१९ पासून: पुरुष १६.५, स्त्री १६.० ग्रॅमच्या वर. सर्व वर्षांसाठी जुन्या निकषाची रेषा तुटक दाखवली आहे. जॅक-२ निकाल नसलेल्या नोंदी मोजलेल्या नाहीत. त्यांची वर्षवार संख्या शेवटच्या रकान्यात.’